तांदळातलं घड्याळ

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी मायलेकी होत्या. त्यांच्या घरचा माणूस दुपारीच वारला होता.

"आई, मी बनवलेलं घड्याळ बोललं नाही का?"

"बोललं ना! तुह्याच आवाजात. 'बाबा, साखरेची सुई घेतली, आता जेवा.'"

"मंग काऊन नाही उठवलं? सुई घेऊन उपाशी निजते का कोणी? साखर पार उतरून जाते."

"तीन रातीपासून जागे होते, चेतना. नुकताच डोळा लागला होता. निजल्या माणसाले उठवू नये."

माझी आईही हेच सांगायची.

"अन् घड्याळ?"

"दिवा, रेडिओ, काय काय बसवलं तू त्यात! बंदच होईना. तांदळाच्या डब्यात खुपसलं. अजून बोलून राहिलं असन. घरी गेल्यावर बंद कर त्याले."

"माह्यानं नाही होत, आई. बाबाचं बोट लागलं तरच बंद होते. तसंच बनवलं मी."