महिला दिनाचे पोहे

अश्वजित : म्हणजे तू बागेत बसली आहेस? आत्ता?

नंदिनी : हो. रामाळा तलावापाशी, पळसाखालच्या बाकावर. रातपाळी सुटली, घरी यायचं सोडून इथीच उतरली ऑटोतून.

अश्वजित : काऊन? तब्येत बरी नाई का?

नंदिनी : बरी हाय. फुलं पाहून राह्यली.

अश्वजित : फुलं. नंदिनी, आज महिला दिन आहे. विहारात कार्यक्रम आहे. नाश्त्याचे पोहे तुझ्याकडं आहेत.

नंदिनी : माहीत हाय. अन् तुमच्याकडं भाषण.

अश्वजित : मुख्य भाषण.

नंदिनी : विषय काय म्हणे?

अश्वजित : स्त्रीने स्वतःसाठी वेळ काढावा.

नंदिनी : मंग काढला.

अश्वजित : आज काढ असं नाई म्हटलं मी. एकंदरीत म्हटलं.

नंदिनी : एकंदरीत कोणत्या वारी येते सांगा, ड्युटी बदलून घेते. काल दवाखान्यात बी एक मॅडम आली होती. नर्सहीनं झोप नीट घ्यावी म्हणे. ते ऐकाले आमाले भरदुपारी झोपेतून उठवून नेलं.

अश्वजित : मस्करी नको. वार्डातल्या साऱ्या बाया येऊन राह्यल्या. त्याहीले काय सांगू, माझीच बायको कुठी हाय?

नंदिनी : सांगा, आराम करून राह्यली. टाळ्या पडतीन.

अश्वजित : अन् पोहे?

नंदिनी : कांदे टोपल्यात हाय. चिरा. डोळ्यात पाणी आलं तर भाषणाच्या कामी येईन.

अश्वजित : थांब, आईले देतो फोन. तीच सांगन तुले.

नंदिनी : अहो, त्याहीले काऊन मधात...

(फोन सासूबाईंच्या हातात.)

गिरजाबाई : नंदिनी.

नंदिनी : हो आई. निघतेच. रागावू नका, जरासं बसली होती, बस.

गिरजाबाई : पळस फुलला का वो तिथचा?

नंदिनी : फुलला. पान नाई एक. कोळशाची धूळ बसली हाय, तरी लाल दिसते.

गिरजाबाई : आमच्या पोंभुर्ण्याकडं जंगलच्या जंगल लाल राहे म्हणते.

नंदिनी : म्हणते? तुमी तर तिथच्याच ना.

गिरजाबाई : डोक्यावर सरपणाची मोळी राहे, बाई. मान वर केली का मोळी पडे. खाली पडलेली फुलं पाह्यली तेवढी.

नंदिनी : आई, पोहे राह्यले ना पण.

गिरजाबाई : अश्वजितले कांदे देल्ले मी चिराले. जाड चिरून राह्यला. चिरू दे.

नंदिनी : अन् तुमी?

गिरजाबाई : चप्पल घालून राह्यली.

नंदिनी : कार्यक्रमाले?

गिरजाबाई : त्याचं भाषण रोज ऐकते मी, त्याचेच कपडे धूत धूत. बाकावर जागा हाय का आणखी एकीले?

नंदिनी : हाय, आई. बाजूले माझी ड्युटीची पिशवी हाय, बस.

गिरजाबाई : मंग पिशवी उचलून मांडीवर घे.