लवकरात लवकर

राज्यपालांचा ताफा जायचा होता, म्हणून पोलिसांनी लष्कर मोहल्ल्याजवळ बस अडवून धरली. त्या कानडी गावात मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांचं मराठी सुरू झालं, तसं पुढं बसलेल्या वादिराजमास्तरांचं वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं.

"शांताक्का, ह्या राज्यपालाला काम तरी काय असतं गं?"

"माझंच काम की, अंबू. घरातले सगळं ठरवून मोकळे होतात, मग माझ्यापुढं येऊन उभे राहतात. अम्मा, तुझा होकार पाहिजे."

"आणि नको म्हटलंस तर?"

"एकदा म्हणता येतं. नातीच्या लग्नाला म्हटलं मी, सीतूला शिकू दे अजून. आठ दिवसांनी तोच मुलगा, तीच पत्रिका घेऊन परत आले. दुसऱ्यांदा आलं की राज्यपालाला नको म्हणता येत नाही. हा नियम सीतूच शिकून आली कॉलेजात."

"अय्यो! मग दिलास होकार?"

"द्यावाच लागतो. पण कधी द्यायचा, त्याची तारीख कायद्यात नाही म्हणे. लवकरात लवकर, एवढंच लिहिलंय."

"मग काय म्हणालीस?"

"नोडोण म्हटलं. बघू या."

"आणि गप्प बसले सगळे?"

"कुठले! दर सणाला विचारायचे. मी म्हणायची, बघतेय की, लवकरात लवकर."

"त्या मुलाचं काय झालं?"

"त्यानं दुसरीशी लग्न केलं, मुलगीही झाली त्याला. बारशाचं झबलं आमच्या सीतूनंच शिवलं."