देवानं शिवलेला सूट

(निपाणी. हायवेच्या सर्व्हिस रोडवरचं पत्र्याचं गोडाऊन. सोमवार, दुपारचा दीड. दोरीवर सुमो पैलवानांचे फुगीर, फोम भरलेले सूट वाळत टाकलेत. खाली गोल आखलेली मॅट अंथरलेली.)

राजश्री : माईक घ्या हातात. आणि कालचं वाक्य परत म्हणा. इथं, माझ्याकडं बघून.

महादेव : बसा तर आधी. खुर्ची देतो. कुठनं आलासा तुमी?

राजश्री : बसायला आले न्हाय मी. माईक कुठाय?

महादेव : गाडीत हाय. पर मला वळख लागंना तुमची.

राजश्री : लागंना? काल दोनशे माणसांना तुमीच करून दिलासा की वळख! पारिसाअण्णांच्या लग्नाची पंचवीस वर्सं. कोगनोळीच्या अलीकडचा हॉल. मी त्यांची धाकटी भावजय.

महादेव : आरं देवा. वृषभअण्णांच्या मिसेस. शाळेच्या बाई.

राजश्री : राजश्री. नाव हाय मला. म्हणा आता.

महादेव : वैनी, गमतीचा खेळ हाय तो. लोकांस्नी हसवायचं काम माझं. मनावर घेऊ नगा.

राजश्री : आठवत नसंल तर मी म्हणते. 'मंडळी, आता येणार हायत गणिताच्या बाई! ह्यांची बेरीज रोज होतीया, वजाबाकी काय जमंना! ह्यास्नी सूट कशाला? देवानंच शिवून पाठवलाय!' एक अक्षर तरी चुकलं काय?

महादेव : न्हाय.

राजश्री : मग म्हणा की.

महादेव : न्हाय म्हणवत आता.

राजश्री : का? दोनशे माणसांत म्हणवलं आणि एका बाईपुढं म्हणवत न्हाय?

महादेव : काल तुमीबी हसत हुतासा, वैनी. तुमी हसलासा म्हणून मी पुढं रेटलं.

राजश्री : मग काय करायचं हुतं मी? सदलग्याहून माझा भाऊ आलता, त्याची बायको आलती. रडले असते तर सासरची म्हणाली असती, चांगल्या फंक्शनचा विचका केला हिनं. म्हणून हसले. गाल दुखंपर्यंत हसले. आणि 'सूट कशाला' म्हणालासा आणि वर सूट घातलासाच की! मागची चेन लागंना, तर दोघा गड्यांनी धरून वढली. त्यावर परत हशा. मग जाऊबाईच्या भाचीनं एका धक्क्यात पाडली मला. उताणी. त्या फोमात हात हलंना, पाय हलंना. किती वेळ पडले हुते, म्हायत हाय?

महादेव : अर्धा मिनिट असंल.

राजश्री : एक मिनिट चाळीस सेकंद. व्हिडिओत बघून मोजलंय मी. आमच्या ह्यांनीच काढला व्हिडिओ, सगळ्यांचेच काढत हुते. रात्रीत तो कुठं कुठं गेला देव जाणे. आज सकाळी नववीच्या वर्गात फळ्याकडं तोंड केलं, आणि मागनं आवाज आला, 'सुमोऽऽ'. आख्खा वर्ग फुटला. तेरा वर्सं त्या शाळेत शिकवतीया मी. माझ्या तासाला टाचणी पडली तर ऐकू येतीया. अर्ध्या दिवसाची रजा टाकून सरळ इकडं आले.

महादेव : चुकलं, वैनी. पाया पडू काय?

राजश्री : माझ्या पायाला हात लावून तुमचं ओझं उतरंल, माझं न्हाय. मला एवढंच सांगा. मी गणित शिकवते, हे तुमास्नी कुणी सांगितलं?

महादेव : असंच… कळलं कुठनंतरी.

राजश्री : थोरल्या जाऊबाईंनी न्हवं? सकाळी शाळेला निघायच्या आधीच तोंडावर विचारलं त्यास्नी. न्हाय म्हणाल्या, रडाय लागल्या. मी म्हटलं, नाटकं करू नगा. दारात उभी राहून नाही नाही ते बोलले.

महादेव : त्या माउलीचा काय संबंध न्हाय, वैनी. उगंच बोललासा त्यास्नी.

राजश्री : मग कुणाचा हाय?

महादेव : इचारू नगा. गिऱ्हाईकाची गोष्ट असती. धंद्यात असं सांगत न्हाईत.

राजश्री : धंदा! कसला हो धंदा तुमचा? माणसं फुगवायची आणि पाडायची?

महादेव : आता मीबी बोलतो, वैनी. काकतीचा हाय मी. अकरा वर्सं तालमीच्या तांबड्या मातीत काढली. गुडघा गेला तवा हे चालू केलं. पयल्या पयल्यांदा मी माईकवर नीट सांगायचो. मंडळी, जपानात हा खेळ देवापुढं खेळत्यात. मातीचंच रिंगण असतंय, आपल्या आखाड्यागत. आत शिरायच्या आधी मूठभर मीठ फेकायचं, जागा शुद्ध व्हायला. एकमेकांस्नी वाकून नमस्कार. जिंकला तरी नाचायचं न्हाय, हरलेल्याला खिजवायचं न्हाय. आणि ते आडमाप अंग? ते कमावलेलं असतंय, खाऊन आणि राबून. त्याला कोण हसत न्हाय. आया आपली तान्ही लेकरं आणून त्यांच्या हातात देत्यात. हे सगळं वाचून, बघून पाठ केलतं मी. पर दोन मिनिटं बोलू दिलं न्हाय कुणी. 'पैलवान, भाषण नगं, कॉमेडी करा.' मग कॉमेडी कराय लागलो. रोज तोंडाला शेण फासल्यागत वाटतंय, पर करतोय.

राजश्री : बायका लढत्यात तिथं?

महादेव : मोठ्या रिंगणात बायकांना पाय ठेवू देत न्हाईत.

राजश्री : म्हंजे तिथं चढू देत न्हाईत आणि इथं चढवून पाडत्यात. बरं. आता नाव सांगा.

महादेव : वैनी, ऐकून तुमालाच त्रास हुईल.

राजश्री : त्रास झालाय. आता तो कुणाच्या दारात नेऊन टाकायचा, तेवढं कळू दे. सकाळी चुकीच्या दारात टाकून आले मी.

महादेव : …हे घ्या. शनिवारी आलेला मेसेज हाय. माझ्या तोंडानं नगं. तुमीच ऐका.

वृषभ (मोबाईलमधनं) : हां, महादेवअण्णा, उद्याच्या लिस्टमधी एक नाव वाढवा. आमच्या मिसेस, राजश्री. हायस्कूलला गणित शिकवती. असं म्हणा, बाईंची बेरीज रोज होतीया, वजाबाकी जमंना! आणि म्हणा, ह्यास्नी सूट कशाला, देवानंच शिवून दिलाय! हॉल डोक्यावर घेतील बघा पब्लिक. काळजी करू नगा, ती लई स्पोर्टिंग हाय. तिला कायबी म्हटलं तरी राग येत न्हाय.

राजश्री : परत लावा.

महादेव : कशाला, वैनी?

राजश्री : शेवटचं तेवढं.

वृषभ (मोबाईलमधनं) : …तिला कायबी म्हटलं तरी राग येत न्हाय.

महादेव : पंखा लावू काय? तोंड उतरलंय तुमचं. वैनी… दारात गाडी थांबली बघा. वृषभअण्णाच हायत.

वृषभ : राजू! इथं हाईस व्हय? शाळेत फोन केला तर म्हणाले, बाई रजा टाकून गेल्या. हिकडनं दुकानात निघालतो, तर तुझी स्कूटी दिसली. घरात थोरल्या वैनी रडत बसल्यात. काय चाललंय हे? एवढ्याशा गोष्टीवरनं?

राजश्री : एवढीशी म्हंजे केवढी?

वृषभ : अगं, जोक हुता. महादेवअण्णा, तुमी तरी सांगा हिला.

महादेव : मी काय सांगू? तुमचा मेसेज ऐकलाय त्यांनी. दोनदा.

वृषभ : …तुमी ऐकवलासा?

महादेव : व्हय. आणि ते वाक्य मी म्हटलं हे माझं पाप. ते तुमच्यावर ढकलत न्हाय.

वृषभ : आगा गा गा. राजू, होगली बिड गं. सोडून दे. सगळ्यांचीच चेष्टा झाली की काल. अण्णांच्या टकलावर झाली, मामाच्या पोटावर झाली. तू एकटीनंच मनाला लावून घेतलंस. बरं, चुकलं माझं. काय करू म्हंजे राग जाईल? तू सांगशील ते करतो.

राजश्री : सूट घाला.

वृषभ : काय?

राजश्री : तो दोरीवरचा. घाला. आणि मॅटवर या.

वृषभ : हा हा! बघा, महादेवअण्णा, म्हटलं न्हवतं? स्पोर्टिंग हाय! घालतो की. द्या हिकडं. चेन लावा मागनं. अबाबाबा, लईच वजन हाय हो! आणि ती शेंडीची टोपीबी द्या. झ्याक. कसा दिसतोय? राजू, तुझा कुठाय सूट?

राजश्री : मला कशाला? देवानं शिवलेला हाय न्हवं.

वृषभ : अगं, तसं न्हाय…

राजश्री : पैलवान, शिट्टी मारा.

महादेव : वैनी, जरा बेतानं. बिनसुटाचं लागंल तुमालाच.

राजश्री : मला लागायचं ते लागून गेलंय. मारा.

वृषभ : ए, थांब, मी अजून तयार… ए राजू! आई गं!

महादेव : एका धक्क्यात. रिंगणाभायेर.

वृषभ : हा हा… जोर हाय की गं तुझ्यात. बरं, झालं? जिरली माझी. उठीव आता. उठता येईना. हात दे की.

राजश्री : येत न्हाय उठता. म्हायत हाय मला. पडून ऱ्हावा. एक मिनिट चाळीस सेकंद.

वृषभ : राजू, पुरं झालं. महादेवअण्णा, वढा मला.

महादेव : कुस्ती चालू असताना पंच हात लावत न्हाय.

राजश्री : माझ्याकडं बघा. छताकडं नगं. हॉटेलात ताट आलं की वेटरला म्हणता, 'दोन माणसांचं हिच्यापुढं ठेव.' दुकानात मी आले की गिऱ्हाईकापुढं म्हणता, 'आमचा ट्रक आला.' माझ्या भावाच्या लग्नात फोटोवाल्याला म्हणालासा, 'लांबनं काढ, मावायची न्हाय.' सांगू अजून? तारखेनं सांगते. राग येत न्हाय म्हणं! कुणी सांगितलं तुमास्नी?

वृषभ : तू कधी बोलली न्हाईस.

राजश्री : बोलले! दिवाळीत बोलले. पाडव्याला, ओवाळून झाल्यावर. म्हटलं, लोकांत असं बोलत जाऊ नगा, लागतंय मला. त्याचाबी जोक केलासा तुमी. दुसऱ्या दिवशी पारिसाअण्णा मला म्हणाले, 'काय, लागतंय म्हणं तुला? एवढ्या गादीतनं लागतंय व्हय?' त्या दिवसापासनं गप ऱ्हायले. मी गप ऱ्हायले त्याला तुमी स्पोर्टिंग म्हणता.

वृषभ : मला… मला तसं करायचं नसतंय गं.

राजश्री : मग करता का?

वृषभ : टोपी काढा कुणीतरी. जीव घुसमटतोय.

राजश्री : का करता, ते सांगा.

वृषभ : काय सांगू? घरात, दुकानात माझं कोण ऐकतंय? थोरल्या अण्णांचा शब्द शेवटचा. माल घ्यायचा का न्हाय, ते अण्णा ठरवणार. मी आपला चहा सांगणार. पर मी जोक मारला की सगळी माझ्याकडं बघत्यात. काल अख्खा हॉल हसला तवा अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. 'वृषभ, कार्यक्रम तू गाजवलास,' म्हणाले. इतक्या वर्सांत पयल्यांदा.

राजश्री : म्हंजे तुमच्या पाठीवर थाप पडावी म्हणून मी पाठीवर पडले.

वृषभ : राजू…

राजश्री : त्यांच्यापुढं ताठ बोलायची छाती न्हाय, म्हणून मला आडवी करून वर चढलासा. मी जाड हाय, व्हय. हाय मी जाड. का हाय, ते सांगणार न्हाय. कारण सांगाय लागलं की माफी मागितल्यागत वाटतंय. तुमास्नी ते आवडत नसंल तर तसं मला सांगायचं. खोलीत, दार लावून. मी ऐकलं असतं. पर माईक दुसऱ्याच्या हातात देऊन? ह्या माणसाला मी सकाळपासनं शिव्या मोजतीया. जाऊबाईला रडवलं मी. तुमी तिथं चहा पीत बसला हुतासा. ऐकत हुतासा सगळं. तवा तरी म्हणायचं हुतं, तिला बोलू नगंस, मी केलंय.

वृषभ : भ्यालो मी.

राजश्री : हे एक खरं बोललासा.

महादेव : वैनी, टाइम झाला. आता उठवू?

राजश्री : उठवा.

महादेव : खऱ्या खेळात जिंकणारा हात देतोय हरलेल्याला. तशी रीत हाय. देणार काय तुमी?

राजश्री : न्हाय. आज न्हाय.

महादेव : बरं. हं, वृषभअण्णा, टोपी काढतो. कुशीवर व्हा. गुडघा टेका. असं. आणि वैनी, एक सांगतो. इथनं पुढं गिऱ्हाईकानं लिहून दिलेलं वाक्य माझ्या तोंडातनं यायचं न्हाय. कार्यक्रम गेला तर जाऊ दे.

राजश्री : ते तुमचं तुमी बघा. मला सांगून मोठे हुऊ नगा.

महादेव : …बरं.

वृषभ : राजू, घरला येणार न्हवं तू? भावाकडं बिवाकडं जाणार न्हाईस न्हवं?

राजश्री : मी कशाला जाऊ? घर माझं हाय ते. आता जाते आणि आधी जाऊबाईच्या पाया पडते. मग पाचला पोळ्या लाटायला बसते. सूर्य बुडायच्या आत जेवायची आपली जैनांची रीत, सगळी पंगतीला असतील. अण्णा, वैनी, आत्याबाई, पोरं. तवा तुमी बोलायचं.

वृषभ : काय बोलू?

राजश्री : मेसेजमधी जे बोललासा तेच. शब्दाला शब्द. 'हे मी सांगितलं हुतं,' म्हणायचं. त्याच्या पुढचं तुमचं तुमास्नी सुचंल.

वृषभ : अण्णांपुढं?

राजश्री : अण्णांपुढंच.

वृषभ : आणि ऐन वेळी तोंडातनं शब्द फुटला न्हाय तर?

राजश्री : पैलवान, पाणी द्या त्यास्नी. ती टोपी काढल्यावर घसा लई कोरडा पडतोय, काल मला कळलंय; आणि संध्याकाळी बोलायचं हाय त्यास्नी.