वळच्या गाळ्यातली मराठी मिस्सा

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या पॅरिश कौन्सिलचे ज्येष्ठ सभासद श्री. डोमनिक परेरा, सत्कारमूर्ती आदरणीय फादर इजिदोर, उद्यापासून आमचा भार उचलणारे फादर जेरोम, शेजारच्या वळ गावाहून अगत्याने आलेले श्री. केसरीनाथ पाटील, कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. विषयही दिला आहे, 'फादर आणि आपला मराठी गायकवृंद'. मघाशी जिन्यात अध्यक्षांनी मला गाठून हळूच सांगितलं, "विनिताबाई, गोड बोला हं. तो विषय आज नको." मी मान डोलावली. पण इथे उभं राहिल्यावर वाटतंय, फादरांच्या इथल्या वर्षांबद्दल बोलायचं आणि तो विषय टाळायचा, हे जमणार कसं? या सभागृहात तो ठाऊक नसलेले एकटे फादर जेरोम आहेत, आणि उद्यापासून तो निस्तरायचा आहे त्यांनाच. तेव्हा अध्यक्षमहाशय, थोडं सांभाळून घ्या.

फादर इजिदोर भिवंडीत आले तेव्हा आपल्याकडे दर रविवारची उपासना, आपली मिस्सा, मराठीत होत असे. गायकवृंद माझे यजमान पास्कू सांभाळायचे. फादर जेरोम, ते कापडाचे लूम दुरुस्त करतात. शनिवारची रात्रपाळी संपवून, हात घासून घासून धुऊन ते पेटीवर बसायचे. तरी काळ्या ग्रीसचा वास यायचाच. सिस्टर हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.

पुढे गोदामं वाढली. केरळची, तामिळनाडूची, गोव्याची कुटुंबं आली. त्यांना मराठी कळेना. त्यांचाही देवावर आपल्याइतकाच हक्क, नाही का? कौन्सिलने ठरवलं, मराठी मिस्सा महिन्यातून एकदा. फादरांनी मान्यता दिली. पास्कू त्यांच्याकडे गेले.

"फादर, माझ्या आईला इंग्रजी येत न्हाय. तिनं देवाशी महिन्यातून एकदाच बोलायचं?"

फादर म्हणाले, "पास्कू, चर्च एकट्या मराठी माणसाचं नाही."

"न्हाय ना? पण मराठी माणसाचं बी हाय का, ते सांगा."

उत्तराची वाट न बघता ते घरी आले. पेटीही घेऊन आले. ती त्यांची स्वतःची होती.

त्याच सुमारास सायमन आला. हा सेमिनरीतून मधेच बाहेर पडलेला, लग्न केलेला माणूस. रोमच्या अधिकाराखाली नसलेल्या एका स्वतंत्र कॅथलिक मंडळाच्या बिशपांनी त्याला धर्मगुरू केलं होतं. केसरीनाथदादांनी वळचा एक रिकामा गाळा त्याला वापरायला दिला. दादा, तुम्हाला लोकांनी केवढं छेडलं तेव्हा! तुम्ही म्हणालात, "दोघं बी येशूलाच हात जोडतात ना? मंग भांडान कसलं हाय, ते मना समजव." आजतागायत तुम्हाला ते कोणी समजावलेलं नाही. आम्हाला तरी नीट कुठे समजलंय?

तिथे सायमन मिस्सा करू लागला. मिस्सा तीच, प्रार्थना त्याच, आणि सगळं मराठीत. पास्कू आधी नुसते ऐकायला गेले. मग पेटी गेली. मग त्यांच्यामागे आपल्यातली काही घरं गेली.

आणि एका रविवारी फादरांनी वेदीवरून जाहीर केलं की वळच्या गाळ्यात जे कम्युनियनचा ख्रिस्तप्रसाद घेतात त्यांना इथे तो मिळणार नाही. मी तिसऱ्या बाकावर होते. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी ठरवून न पाहणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. नंतर बाजारात बायका माझ्याशी भाजीबद्दल बोलायच्या, मुलीबद्दल बोलायच्या, फक्त 'यजमान कसे आहेत' हे कोणी विचारत नव्हतं. जणू घरात कोणी गेलं होतं आणि सुतक मात्र कोणी पाळत नव्हतं.

घरात काय होत होतं? मी विचारायची, "तुमच्या मिस्सेत पोपचं नाव घेतात का हो?"

ते म्हणायचे, "घेतो की. त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्यांची परवानगी तेवढी न्हाय."

आमची सोनल चपला घालून दारात उभी राहायची आणि विचारायची, "आज कुठे?" मी तिला इकडे आणायची. दर रविवारी त्यांचं तोंड तिकडे आणि आमचं इकडे. नाक्यापर्यंत तिघं एकत्र चालायचो.

मग सोनलचं पहिलं कम्युनियन आलं. पास्कू म्हणाले, "मी आत येणार न्हाय." सोनल रात्री जेवली नाही. सकाळी ते आले आणि अगदी शेवटच्या बाकावर बसले. मुलांनी गाणं सुरू केलं. साथीला आता पेटी नव्हती, पोरं घाबरून भलत्याच सुरात गेली. तेवढ्यात मागून एक आवाज आला आणि त्याने सूर धरला. पोरं त्या आवाजामागे सरळ झाली. त्या क्षणी इथल्या एकाही माणसाने मागे वळून पाहायचं टाळलं नाही.

कम्युनियनच्या रांगेत ते सोनलच्या मागे उभे राहिले. मी त्यांच्या मागे. ते समोर आल्यावर फादर अगदी हळू म्हणाले, "पास्कू, मी देऊ शकत नाही रे."

"ठाऊक हाय, फादर. मागायला न्हाय आलो. पोरीच्या मागं उभा हाय."

फादरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. रांग थांबली होती. मग पास्कू बाजूच्या दाराने निघून गेले.

त्याच संध्याकाळी फादर आमच्या घरी आले. साधा शर्ट घालून, न कळवता. मी ताटं घेतली. फादर म्हणाले, "मराठी मिस्सा दर रविवारी पुन्हा सुरू करतो. तू परत ये."

"आता कसा येऊ? आता तिथं माणसं हाईत. नवऱ्यानं टाकलेली, दुसरं लग्न केलेली मंदा हाय. तिला इथं कम्युनियन देणार?"

"तो नियम मी केलेला नाही, पास्कू."

"मंग मंदाला मी काय सांगू? माझं काम झालं, मी चाललो?"

फादर म्हणाले, "आणि तुझी बायको तिथे एकटी गुडघे टेकते, ते?"

तेव्हा मी हातातलं कालवणाचं पातेलं खाली आपटलं. म्हटलं, "मला कोणी विचारणार आहे का? माझे आईबाप ज्या चर्चमध्ये जन्मभर जात होते ते मला सोडायचं नाही. आणि नवराही सोडायचा नाही. तुम्ही दोघं मिळून मला एवढं करू देणार की नाही?"

फादर ते पातेलं सरळ ठेवून म्हणाले, "विनिता, मला याचं उत्तर येत नाही."

मंडळी, आजवर खूप प्रवचनं ऐकली. त्यातलं फारसं लक्षात नाही. हे वाक्य लक्षात आहे.

मराठी मिस्सा सुरू झाली. ती ज्यांनी मागितली ते तिथे, आणि ती मिळाली आम्हाला. गायकवृंद आता मी चालवते, बरावाईट. फादरांनी ती घोषणा पुन्हा कधी वाचली नाही. मागेही घेतली नाही. त्यांनी बरोबर केलं की चूक? मला विचाराल तर सोमवारी एक वाटतं, रविवारी दुसरं. निरोपाच्या दिवशी तरी मन स्वस्थ होईल असं वाटलं होतं. झालेलं नाही.

एकच सांगते आणि बसते. गेल्या रविवारी पास्कू घरी येऊन म्हणाले, "तुझे फादर चाललेत ना? आज आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली. नाव घेऊन." फादर, हे तुम्हाला ठाऊक नसावं.

इथे मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थना मीच वाचते. दुरावलेल्यांसाठी, असं मोघम लिहिलेलं असतं, तसं मी वाचते. फादर जेरोम, वेदीवरचा नियम मी मोडणार नाही. पण ही मिस्सा नव्हे, निरोप समारंभ आहे, नंतर चहा आहे. इथे माणसांची नावं घ्यायला कोणाची परवानगी लागत नसावी. सायमन आणि त्याची बायको रोझी. मंदा. कुस्तान आणि इनास, दोघे भाऊ. आंधळी मैनाबाई. आणि पास्कू. देव त्यांचं भलं करो.

मागच्या बाकांवरून कोणीतरी 'आमेन' म्हणालं. कोण, ते मी पाहणार नाही. ज्याने म्हटलं त्याचे आभार.

फादर इजिदोर, आमच्या घरी येऊन तुम्ही जेवलात त्याबद्दल, आणि येत नसलेलं उत्तर येत नाही म्हणून सांगितलंत त्याबद्दल, मी ऋणी आहे. अध्यक्षमहाशय, आपली घंटी दोनदा ऐकली, तरी बोलत राहिले. तो दोष माझा, गायकवृंदाचा नव्हे. कोणाचं मन दुखावलं असेल तर हात जोडते. मात्र घेतलेली नावं परत घेत नाही.