नर्सबाईंची वाट पाहताना

नर्सबाई वारल्याचं दवाखान्यात तिच्या सुतार नवऱ्यानेच येऊन सांगितलं आणि तिच्या इथल्या कपाटाच्या किल्लीसाठी तो बाकावर थांबला. शेजारी दोन जावा बोलत होत्या.

"ताई, बेचाळिसाव्या वर्षी दिवस गेलेत. मोठ्या डॉक्टरांनाच विचारा ना!"

"त्यांनी वय ऐकून असा सुस्कारा सोडला, जणू माझी पेन्शनच मंजूर करतायत."

"आणि मोबाईलवर शोधलंत?"

"वाचून झोप उडाली. नर्सबाईंना विचारलं, बाळ नीट असेल ना? म्हणाल्या, मला ठाऊक नाही. पण कुठल्या तपासणीत कळेल ते ठाऊक आहे, आणि मी सोबत येते."

"बाई सरळ आहेत हो!"

"म्हणून त्यांचंच ऐकायचं ठरवलंय. काका, तुम्हीही त्यांच्यासाठीच थांबलात?"

"हो."

ती गेल्याचं या बाईला सांगायचं अजून राहिलं होतं.