पोपटाच्या चोचीचा मासा

माझ्या बापाला तुम्हीही हसलाय, म्हणून सांगतो. ठाण्याला आगगाडी यायच्या आधी तो मलबारच्या गलबतांवर होता. ‘तिकडच्या नितळ पाण्यात पोपटाच्या चोचीचा हिरवा मासा असतो,’ म्हणायचा. सगळं बंदर त्याला थापाड्या म्हणे. मीही तोंडावर म्हणालेलो.

त्याला माती देऊन महिना झाला, आणि घोडबंदरच्या खाडीत माझ्याच जाळ्यात तो मासा आला. आपल्या गढूळ पाण्यात असला मासा कुणी कधी पाहिलेला नव्हता.

घरी आणला. बायकोने विळी घेतली, तसा आईने तिचा हात धरला.

‘कापू नको गं,’ म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘आधी बापाला दाखवून ये.’

चर्चमागे गेलो. कबरीपाशी बसून टोपलीवरचं फडकं काढलं.

‘बाबा,’ म्हटलं, ‘चोच आहे.’