बेचाळीस पायऱ्यांचा कठडा

इवोन : रस्ता की फुटपाथ, एवढंच सांगा, सर. एका चौकटीत फुली मारायची आहे.

एलादिओ : पायऱ्या आहेत, पोरी. बेचाळीस.

इवोन : अर्जात पायऱ्यांची चौकट नाही.

ओतिलिया : अख्खं वालपाराइसो पायऱ्यांवर चढतं-उतरतं, आणि नगरपालिकेच्या अर्जात पायऱ्यांना जागा नाही?

इवोन : अर्ज राजधानीतून, सांतियागोहून छापून येतात, मावशी. तिकडे सगळं सपाट.

एलादिओ : थांब ओतिलिया, चिडू नकोस. आपण विचार करून ठरवू. पोरी, रस्त्यावरून काय जातं?

इवोन : गाड्या.

एलादिओ : आमच्याकडे मार्तीन खांद्यावर गॅसचं सिलिंडर घेऊन जातो. आणि कुत्री जातात. म्हणजे तो रस्ता नव्हे.

इवोन : मग फुटपाथ. पण फुटपाथवर कठडा लावायचा तर चालणाऱ्यांसाठी दीड मीटर मोकळं सोडावं लागतं. पायऱ्यांची रुंदी किती?

एलादिओ : एक मीटर वीस.

ओतिलिया : घ्या! फुटपाथच सव्वा मीटरचा नाही, आणि यांना मोकळा दीड मीटर हवा.

इवोन : रस्ता धरला तर काम चालू असताना वाहतूक कुठून वळवणार, त्याचा नकाशा जोडावा लागेल.

ओतिलिया : लिही रस्ता. कुत्र्यांना कुठून वळायचं ते मी सांगते.

इवोन : बरं, तूर्त रस्ता. काम कधी सुरू करणार, सर?

एलादिओ : सुरू कसलं! गेल्या मंगळवारी संपलं.

इवोन : (पेन खाली ठेवून) सर, ही खिडकी परवानगीची आहे. परवानगी कामाच्या आधी घेतात.

एलादिओ : ते मला बुधवारी कळलं. तुमचा निरीक्षक येऊन ही नोटीस चिकटवून गेला. शुक्रवारपर्यंत परवाना दाखवा, नाहीतर कठडा कापून नेऊ.

ओतिलिया : मी काय म्हणते दाजी, पुढचा सोमवार लिहा ना! सोमवारी आपला वेल्डर ओस्वाल्दो मशीन घेऊन उभा राहील. नुसत्या ठिणग्या उडवेल.

इवोन : मी काही ऐकलं नाही. पण सर, मावशींचं ऐका.

एलादिओ : नाही जमायचं. संध्याकाळी पोरं त्याच पायऱ्यांवर माझ्याकडे गणितं घेऊन येतात. पुस्तकात मागे बघून उत्तर लिहू नका, हे त्यांना मग कोणत्या तोंडाने सांगू?

ओतिलिया : हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, तिथेच हा खरं बोलायचा रोग जडला. अहो, तुमच्या खरेपणापायी मी घरातून उठेन!

इवोन : तुम्ही का उठाल?

ओतिलिया : अगं, ही माझी बहीण एर्मेलिंदा राहते वर, मी तळाला. मध्ये बेचाळीस पायऱ्या. तिचे गुडघे गेलेले आणि माझी छाती अशी, की दहाव्या पायरीला मी देवाचं नाव घेते. चौदा महिने नुसत्या ओरडून बोलत होतो. ती वरून विचारायची, लसूण आहे का? मधल्या पायऱ्यांवर राहणारी सारा मला सांगायची, ‘ती विचारतेय लसूण आहे का, आणि दोन पाकळ्या मलाही.’ आमचं एक भांडण तर सगळ्या पायऱ्यांनी मिळून मिटवलं.

एलादिओ : मिटवलं कुठलं? सारानं निरोपच बदलून सांगितले.

ओतिलिया : मंगळवारी कठडा झाला. बाईसाहेब धरून धरून, तासाभरात खाली उतरल्या. आम्ही दोघी रडलो, पाव भाजला, चहा घेतला. बुधवारी ही नोटीस लागली. आता ती म्हणते, ‘मी वर गेले आणि नगरपालिकेनं कठडा कापला, तर पुन्हा वरच अडकेन. निकाल लागेपर्यंत मी इथून हलत नाही!’

इवोन : म्हणजे तेव्हापासून तुमच्याकडेच?

ओतिलिया : आज सहावा दिवस. माझी साखर वरच्या फळीवर गेली, माझी खुर्ची खिडकीशी गेली. मांजर होतं माझं, आता तेही तिच्या मांडीवर. शुक्रवारी कठडा गेला तर ही जन्मभर माझ्या स्वयंपाकघरात बसेल. आणि हे दाजी वर एकटेच, तिनं केलेलं संपल्यापासून, तीन दिवस झाले, उकडलेले बटाटे खातायत.

एलादिओ : चार.

इवोन : सर, फोटो आणलाय ना? बघू. कठडा सुरेख झालाय. आणि हा निळा रंग?

एलादिओ : जहाजाचा, उरलेला.

इवोन : आणि पायऱ्यांच्या कडेला हे काय, काळं काळं?

एलादिओ : ते जुने खुंट. लोखंडाचे, सिमेंटमध्ये रोवलेले. तिथे पूर्वी कठडा होता, पंच्याऐंशीच्या भूकंपात गेला. एकवीस खुंट उरलेत. पोरांना सातचा पाढा मी त्यांच्यावरच शिकवतो. नवे पाइप ओस्वाल्दोनं त्यांनाच जोडले.

इवोन : त्यांनाच?

एलादिओ : चांगलं लोखंड आहे, फुकट कशाला घालवायचं?

इवोन : सर, एक प्रश्न विचारू? दुरुस्ती म्हणजे काय?

एलादिओ : मोडलेली वस्तू पुन्हा कामाची करणं.

इवोन : कठडा होता?

एलादिओ : होता.

इवोन : मोडला?

एलादिओ : मोडला.

इवोन : आणि गेल्या मंगळवारी तुम्ही काय केलंत?

एलादिओ : ...पोरी, शंभरपैकी शंभर.

ओतिलिया : मला कुणी सांगेल का, काय झालं?

इवोन : हा अर्ज बाजूला ठेवा. हा दुसरा, तातडीच्या दुरुस्तीचा. पडायची भीती असेल तर काम आधी करायचं आणि आठ दिवसांत कळवायचं. आज सहावा. इथे रस्ता-फुटपाथही विचारत नाहीत.

एलादिओ : भूकंप पंच्याऐंशीचा आणि तातडी आत्ताची, हे चालेल?

इवोन : सर, आता तुम्ही मला नापास करू नका. सही करा.

एलादिओ : तारीख मात्र मंगळवारचीच घालतो.

इवोन : मंगळवारचीच घाला. आता एकच रकाना राहिला. कठड्याचं प्रयोजन?

ओतिलिया : मी सांगते. चढण्यासाठी. माझ्या बहिणीला तिच्या घरी जाता यावं म्हणून. आजच.

इवोन : फक्त चढण्यासाठी?

ओतिलिया : ...उतरण्यासाठीही लिही. रविवारी.

इवोन : वार लिहायला जागा नाही, मावशी.

ओतिलिया : मग रोज लिही.